तीन पत्तीच्या सतरंजीवर समोरचा माणूस कसा वाचायचा

पोळा आला की विदर्भातल्या गावांत पत्त्यांच्या बैठकी सुरू होतात. डवरणी-निंदणी आटोपलेली असते, कपाशीला पात्या लागलेल्या असतात, सोयाबीन शेंगेत असतं आणि हाताला चार दिवस उसंत असते. समाजमंदिराच्या ओट्यावर नाहीतर कोणाच्या पडवीत सतरंजी पडते आणि पाच-सहा जण मांडी घालून बसतात. खेळ बहुतेक तीन पत्तीच: प्रत्येकाला तीन पानं, पाळी आली की चाल लावायची नाहीतर पत्ते टाकून बाहेर पडायचं. नियम सगळ्यांना पाठ असतात, तरी हरणारे तेच ते असतात, कारण ते रात्रभर स्वतःच्याच तीन पानांकडे पाहत बसतात. समोरच्यांकडे कधी पाहायचं, काय पाहायचं आणि जे दिसलं त्यावर किती विश्वास ठेवायचा, ते पुढे सांगितलं आहे.

खेळ चिंचोक्यांवर खेळा. पैसे लावून अड्डा भरवला तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागतो आणि पोळ्याच्या दिवसांत धाडी पडतात. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असताना कोणाच्या घरचा पैसा सतरंजीवर जाऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. प्रत्येकाला १०० चिंचोके द्या. बूट (सुरुवातीला प्रत्येकाने मधे टाकायचा वाटा) १, पानं पाहून खेळणाऱ्याची चाल २ पासून, वरची मर्यादा १६. एक नियम मात्र कडक ठेवा: चिंचोके संपले की तो माणूस त्या रात्रीपुरता बाहेर, उसने मिळणार नाहीत. हा नियम नसेल तर कोणाला कशाची भीती उरत नाही, आणि ज्याला भीती नाही त्याच्या अंगावर काहीच दिसत नाही.

आधी आकडे पाठ करा

माणूस वाचण्याआधी पत्त्यांचा हिशेब डोक्यात बसला पाहिजे. ५२ पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांत ट्रेल (तिन्ही पानं सारखी) ५२, प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाची लागोपाठची पानं) ४८, साधी सिक्वेन्स (लागोपाठची, पण रंग वेगळे) ७२०, कलर (एकच रंग) १,०९६ आणि जोडी ३,७४४. उरलेल्या १६,४४० हातांत काहीच नसतं, फक्त मोठं पान. (प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, तरी खेळात ट्रेलच वर धरतात.) म्हणजे दर चार हातांपैकी साधारण तीन हात रिकामे. कलर किंवा त्याहून मोठं काही येण्याची शक्यता पावणेनऊ टक्क्यांच्या आत आहे.

याचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवावे लागतात. एकट्या माणसाकडे पाहिलं तर तो बहुधा रिकामा असतो. पण तुमच्यासमोर पाच जण असतील, तर त्यांच्यातल्या निदान एकाकडे तरी जोडी किंवा जास्त असण्याची शक्यता ७७ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि निदान एकाकडे कलर किंवा जास्त असण्याची सुमारे ३६ टक्के. म्हणून डावाच्या सुरुवातीला "याच्याकडे काय आहे" हे विचारत बसू नका. "या पाचांतला भरलेला कोण" हे शोधा. चारांना सोडून एकाला शोधायचं म्हटलं की नजरेचं काम निम्म्याने हलकं होतं.

बसायचं कुठे

पाठ भिंतीला लावून बसा, म्हणजे तुमची पानं मागून कोणी पाहत नाही आणि सगळे नजरेच्या टप्प्यात येतात. बल्बचा उजेड समोरच्यांच्या हातांवर पडेल अशी जागा घ्या. दिवा तुमच्या तोंडासमोर आणि समोरच्याच्या पाठीमागे असेल, तर तुम्हाला त्याची नुसती सावली दिसते आणि त्याला तुमचा सगळा चेहरा.

चाल डावीकडे फिरत असेल तर सर्वांत जास्त चाल वाढवणारा गडी तुमच्या उजव्या हाताला असावा. तो आधी बोलतो, तुम्ही नंतर ठरवता. डाव्या हाताला जपून खेळणारे, पटकन पत्ते टाकणारे असावेत. याचं कारण पुढे वेळेच्या भागात येईल.

स्टीलचं ताट, पाण्याचा चकचकीत तांब्या, काळ्या काचेचा मोबाइल सतरंजीवरून उचलायला लावा. त्यांत पानं उमटतात. समोरच्याची पानं तशी पाहणं ही चोरी आहे, आणि तुमचीही तशीच दिसत असतात.

पहिला अर्धा तास फक्त सवय टिपा

बैलबाजारात जाणता गिऱ्हाईक आधी बैल दहा पावलं चालवून घेतो. चाल कळल्याशिवाय लंगडणं कळत नाही. इथेही तसंच आहे. एखादा माणूस सतत पाय हलवतो म्हणून तो घाबरलेला आहे असं नाही, तो लग्नाच्या पंगतीतही पाय हलवत असेल. हलणारा पाय ज्या क्षणी थांबतो, तो क्षण कामाचा. खूण म्हणजे नेहमीच्या वागण्यातला बदल. नेहमीचं वागणं ठाऊक नसेल तर कोणतीही खूण उपयोगाची नाही.

पहिल्या अर्ध्या तासात, म्हणजे साधारण दहा-बारा डावांत, लहान चालींवर खेळा आणि दोनच माणसं निवडा. प्रत्येकाच्या या गोष्टी मनात नोंदवा: पत्ते कसे उचलतो, किती वेळ पाहतो, पाहून झाल्यावर कुठे ठेवतो, चिंचोके सरकवतो की टाकतो, आणि चाल नसताना किती बोलतो. शिवाय खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. आपल्याकडे बैठकीत निम्म्या लोकांच्या गालात खर्रा असतो आणि जबड्याची हालचाल लांबूनही दिसते. चघळण्याचा ठेका ऐका-पाहा. पानं पाहिल्यावर तो ठेका तुटला, जबडा दोन-तीन सेकंद जागच्या जागी थांबला, तर त्या पानांत त्याचं लक्ष अडकलं आहे. चांगलं की वाईट ते इथे कळत नाही, पण तो पुढची चाल खेळणार याचा हा बऱ्यापैकी खात्रीचा इशारा आहे. थुंकायला उठणारा मात्र बहुधा डाव सोडण्याच्या बेतात असतो. हात भरलेला माणूस ओट्याच्या कडेला जात नाही, तोंड भरलेलं तसंच धरून बसतो.

पानं पाहण्याचा क्षण

सगळ्या रात्रीतला सर्वांत मोलाचा क्षण हाच. म्हणून पहिला नियम: वाटप झालं की आपली पानं उचलू नका. तीन पत्तीत ब्लाइंड, म्हणजे पानं न पाहता, खेळायची सोय आहेच; पहिली फेरी ब्लाइंड खेळा आणि डोळे दुसऱ्यांच्या हातांवर ठेवा. समोरचा पानं उचलतो, पाहतो आणि खाली ठेवतो, एवढ्या तीन-चार सेकंदांत तो अजून नाटक करायच्या तयारीत नसतो.

पाहून लगेच पानं खाली ठेवली आणि नजर दुसरीकडे वळवली, तर हात बहुधा चांगला आहे. चांगला हात एका नजरेत कळतो आणि लक्षात राहतो. शिवाय आपल्याला यात रस नाही असं दाखवायची घाई होते. उलट पानांकडे बराच वेळ पाहत राहणारा माणूस त्यांत काहीतरी सापडतं का ते शोधत असतो. राणी-दहा-चार घेऊन, दोन बदाम एक चौकट असं काहीतरी जुळवत असतो.

पानं पाहिल्यावर नजर एकदम स्वतःच्या चिंचोक्यांच्या ढिगाकडे गेली, तर तो खेळणार आहे आणि किती लावता येईल ते मोजतो आहे. ही नजर अर्ध्या सेकंदाची असते. ती मुद्दाम करणारे फार थोडे.

पानं एकावर एक ठेवून हळूहळू सरकवत पाहणारे गावोगावी आहेत. यांना वाचणं सोपं. दुसरं पान सरकवल्यावर हात थांबला आणि तिसरं पान आणखी हळू निघालं, तर पहिल्या दोनांत काहीतरी जुळलं आहे: जोडी, लागोपाठची पानं किंवा एकच रंग. तिसरं पान दिसल्यावर काय होतं ते पाहा. खांदे सैल पडले, पानं पटकन मिटली, तर जुळलेलं तुटलं. मिटताना पानं नीट कडेला कड लावून ठेवली आणि वर बोटं ठेवली, तर जुळलं. पानांवर हात ठेवून त्यांना जपणं ही खूण चांगल्या हाताचीच असते. टाकायच्या पानांना कोणी जपत नाही.

पुन्हा पाहणाराही असतो. चाल दोनदा फिरून आल्यावर एखादा पानं परत उचलून बघतो. ट्रेल किंवा मोठी जोडी कोणी विसरत नाही. परत पाहावं लागतं ते रंगासाठी, किंवा तिसरं पान नक्की किती होतं यासाठी. तेव्हा परत पाहणाऱ्याकडे बहुधा मधला हात असतो, आणि एकच मोठी चाल आली तर तो सोडू शकतो.

चेहरा सोडा, हात पाहा

चेहरा हा माणसाचा सर्वांत सांभाळलेला भाग आहे. लहानपणापासून आपण तोच सांभाळायला शिकतो. दुसरा खोटं बोलतो आहे का हे ओळखण्याबद्दलचे अनेक अभ्यास एकत्र करून २००६ साली जो आढावा निघाला, त्यात लोकांचा अंदाज १०० पैकी ५४ वेळा बरोबर आला. नाणं उडवून ५० वेळा येतो. मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली पोकरच्या जागतिक स्पर्धेतली दृश्यं लोकांना दाखवली. खेळाडू चिंचोक्यांसारख्या त्या चकत्या पुढे सारतो तेवढीच हाताची हालचाल ज्यांनी पाहिली, त्यांना हात चांगला की वाईट हे निव्वळ नशिबापेक्षा बरं ओळखता आलं. ज्यांनी फक्त चेहरे पाहिले, ते उलटे जास्त चुकले. खेळणारे कसलेले होते, पाहणारे साधे लोक होते, तरी हे घडलं.

म्हणून नजर मनगट आणि बोटांवर ठेवा. चांगला हात असलेल्याची हालचाल एका ओघात होते: चिंचोके उचलले, पुढे नेले, ठेवले. मधे अडखळण नाही. मनात धाकधूक असलेल्याची हालचाल तुटक असते. उचलतो, थबकतो, एखादा चिंचोका परत घेतो, मोजतो.

चिंचोके जोरात आपटून, लांबून फेकून लावणारा बऱ्याचदा रिकामा असतो. त्याला तुम्ही पत्ते टाकावेत असं वाटतं. मवाळपणे, जणू नाइलाजाने चिंचोके पुढे सारणाऱ्याला तुम्ही राहावं असं वाटतं. जो जोर दाखवतो तो कमजोर आणि जो कमजोरी दाखवतो तो जोरात, हे पोकरमधलं जुनं सूत्र तीन पत्तीला तंतोतंत लागतं. हे फक्त दाखवण्याच्या वागण्याला लागू आहे, आपसूक होणाऱ्या वागण्याला नाही, हा फरक विसरला की सगळं उलटं पडतं.

हात थरथरण्याबाबत जवळजवळ सगळे नवे लोक फसतात. चाल लावताना समोरच्याची बोटं थरथरली की त्यांना वाटतं गडी घाबरला, हूल देतो आहे. बहुतेक वेळा तसं नसतं. मोठा हात लागला की अंगात एकदम उसळी येते आणि ती ठरवून आवरता येत नाही. हूल देणारा उलट स्वतःला आवळून धरतो. श्वास रोखतो, मान हलवत नाही, बोटंही ताठ ठेवतो. तेव्हा नेहमी शांत हाताचा माणूस थरथरला, तर त्याला हूल समजून जोडी पुढे रेटू नका. वयस्क काकांचे हात मुळातच थरथरत असतील तर ही खूण त्यांना लावू नका.

मांडी घालून बसण्याचा एक फायदा आहे जो टेबलावर मिळत नाही: पाय उघडे दिसतात. चेहरा आणि हात सांभाळणारे पायांचं भान ठेवत नाहीत. पायाचा अंगठा हलणं, गुडघा वरखाली होणं हे आधी टिपलेलं असेल, तर ते थांबणं किंवा सुरू होणं लगेच कळतं. मांडी मोडून उकिडवं बसणारा, पुढे सरकणारा माणूस डावात उतरतो आहे. मागे हाताच्या पंजांवर रेलणारा डावातून निघतो आहे.

ब्लाइंड खेळणाऱ्याला वाचू नका, त्याला थांबून पाहा

ज्याने स्वतःच पानं पाहिली नाहीत, त्याच्या अंगावर पानांची खूण येणार कुठून? तरी लोक ब्लाइंड खेळणाऱ्याचा आत्मविश्वास पाहून चांगली जोडी टाकतात. त्याला निम्मी चाल लागते म्हणून तो मोकळा असतो, एवढंच. पाच ब्लाइंड चाली खेळलेल्या माणसाचा हातही चारांपैकी तीन वेळा रिकामाच निघतो.

त्याच्याकडून कामाची गोष्ट मिळते ती तो पानं उचलतो तेव्हा. आधीचा मोकळा माणूस आणि नंतरचा माणूस यांतला फरक एकाच डावात, दहा सेकंदांत, तुमच्यासमोर घडतो. बडबड तशीच मोकळी राहिली आणि दुप्पट चाल आली, तर जोडी तरी धरा. बडबड आटली आणि दुप्पट चाल आली, तर संशयाला जागा आहे. कोण किती चाली ब्लाइंड खेळतो ही प्रत्येकाची ठरलेली सवय असते. नेहमी तीन चालींनी पाहणाऱ्याने पहिल्याच चालीला पाहिलं, तर त्याचे चिंचोके कमी झालेत किंवा मागच्या डावात तो दुखावला आहे.

बोलणं

वऱ्हाडात गप्प बसून कोणी खेळत नाही, आणि हे वाचणाऱ्याच्या फायद्याचं आहे. "टाकून दे ना भाऊ, काहून उगीच वाया घालवतं?" असं तुम्हाला समजावणारा माणूस तुमच्या चिंचोक्यांची काळजी करत नसतो, त्याला शो, म्हणजे शेवटी पानं उघडून दाखवणं, नको असतं. "जाऊ दे बाप्पा, माह्याजवळ काई नाई, एक चाल टाकून पाह्यतो," असा सुस्कारा टाकणाऱ्यापासून जपा. ज्याच्याजवळ खरंच काही नसतं तो सुस्कारा टाकून पत्ते टाकतो, चाल टाकत नाही.

हूल देणारा कमी बोलतो आणि आखूड बोलतो, कारण तोंड उघडलं तर काही निसटेल अशी धास्ती असते. याचा वापर करता येतो. मोठी चाल आली की डावाबद्दल काहीच विचारू नका, वेगळंच विचारा: "सोयाबीन कधी काढता यंदा?" हात भरलेला माणूस सहज, लांब उत्तर देतो, एखादी शेताची तक्रारही जोडतो. हूल देणारा "पाहू", "हाव" एवढंच बोलतो, किंवा त्याचं उत्तर एका श्वासाने उशिरा येतं. वडीलधाऱ्यांना असं खोदून विचारू नका. काकांशी, बुवांशी एरवी जसं बोलता तसंच बोला, नाहीतर बैठक बिघडते, आणि बैठक टिकणं चिंचोक्यांपेक्षा मोठं आहे.

वेळ

ही खूण सर्वांत कमी लोक पाहतात आणि ती सर्वांत कमी फसवते. चाल येताक्षणी तेवढीच चाल लावणाऱ्याने वाढवायचा विचारच केला नाही, म्हणजे हात मधला: लहान जोडी, नाहीतर एक्का-राजा. बराच वेळ विचार करून चाल वाढवणाऱ्याजवळ बहुधा मोठा हात असतो. किती वाढवलं तर तुम्ही राहाल याचा तो विचार करत होता. बराच वेळ घेऊन साधी चाल लावणारा खरंच अडचणीत असतो.

तुमच्या डावीकडचे लोक पाळी येण्याआधीच सांगून टाकतात. पानं मुठीत गोळा करून, मनगट सतरंजीच्या मध्याकडे वळवून बसलेला माणूस पत्ते टाकणार हे ठरलेलं. डावीकडचे दोघं असे दिसले आणि मागे एकच उरला, तर तुमची चाल पाच जणांसमोर नाही, एकासमोर आहे. अशा वेळी राजा-राणीवरही वाढवता येतं. जपून खेळणारे डावीकडे हवेत ते यासाठीच.

साइड शो

साइड शो म्हणजे डाव चालू असताना दोघांनीच आपापली पानं ताडून पाहणं; कमी पानांवाला बाहेर पडतो. तो मागणारा बहुधा मधला हात घेऊन असतो. ट्रेलवाल्याला गिऱ्हाईक कमी करायचं नसतं. पुन्हा पुन्हा साइड शो मागणाऱ्याला आपल्या जोडीची खात्री नाही असं समजा. साइड शो नाकारणाऱ्याबद्दल घाई करू नका. काही जण सवयीनेच नाकारतात.

खरी कमाई साइड शो झाल्यानंतर आहे. हरलेल्याने जिंकणाऱ्याची पानं पाहिलेली असतात आणि तो डावातून बाहेर पडलेला असतो. त्याला आता काही लपवायचं कारण नाही. बहुतेक लोक त्या क्षणी जिंकणाऱ्याकडे पाहतात, पण तुम्ही हरलेल्याकडे पाहा. पत्ते टाकून तो निवांत मागे रेलला आणि पुढचा डाव बघायला लागला, तर त्याने मोठा हात पाहिला आहे आणि पुढे काय होणार हे त्याला कळलं आहे. जीभ चावली, मान झटकली, स्वतःची पानं पुन्हा एकदा पाहिली, तर तो थोडक्यात हरला आहे: अठ्ठ्याची जोडी नव्वीच्या जोडीपुढे. म्हणजे जिंकणाऱ्याकडेही फार काही नाही. त्याला तोंडाने विचारू मात्र नका, आणि त्याने सांगितलं तर बैठकीने त्याला थांबवावं.

पोकर खेळत असाल तर

तालुक्याच्या ठिकाणी शिकायला असलेली पोरं सुट्टीत टेक्सास होल्डेम घेऊन येतात. दोन पानं हातात, पाच मधे उघडी. तिथे पहिली तीन पानं एकदम उघडतात तो क्षण तीन पत्तीतल्या पानं उचलण्याच्या क्षणासारखाच आहे. उघडलेल्या पानांकडे नंतर पाहा, ती कुठे जात नाहीत. आधी माणसांकडे पाहा. मधे एका रंगाची तीन पानं पडल्यावर कोणी आपली दोन पानं उचलून तपासली, तर त्याचा रंग (एका रंगाची पाच पानं) बहुधा पूर्ण झालेला नाही. रंग झालेल्याला ते आठवत असतं. एकच बदाम असलेल्याला तो बदाम होता की चौकट हे तपासावं लागतं. मधे दोन आणि हातात दोन, अशी एका रंगाची चार पानं झालेल्याला पुढच्या दोन पानांत पाचवं मिळण्याची शक्यता ३५ टक्के असते. म्हणून तो सोडत नाही, पण वाढवायलाही कचरतो.

चुकतं कुठे

एका खुणेवर निर्णय घेणं ही पहिली चूक. डास चावतात, उकडतं, रात्रीचे दोन वाजतात, थकलेल्याचे डोळे मिटतात, तंबाखूने छाती धडधडते. कोणी प्यालेला असेल तर त्याच्या कोणत्याच खुणेला अर्थ नाही; त्याच्याशी सरळ आकड्यांवर खेळा. तीन वेगळ्या खुणा (हात, वेळ, बोलणं) एकाच बाजूला झुकल्या तरच त्यांना वजन द्या.

दुसरी चूक जास्त खोल आहे. शिकायला मिळतं ते फक्त शो झालेल्या डावांतून. ज्या हूल यशस्वी झाल्या त्यांची पानं कोणीच पाहत नाही, ती गड्डीत मिसळून जातात. म्हणून "हा माणूस कधी हूल देत नाही" असं मत फार लवकर होतं. शो झाला की कोण जिंकलं ते पाहून थांबू नका. जी पानं उघडी पडली ती घेऊन डाव मनात मागे फिरवा: याने ही पानं कशी उचलली होती, चाल किती वेळाने लावली होती, काय बोलला होता. असं मागून जोडलेलं एक उदाहरण पुढच्या दहा अंदाजांपेक्षा उपयोगी पडतं.

तिसरी चूक हिशेब सोडण्याची. समजा दोघंच उरलात, मधे २४ चिंचोके आहेत आणि शोला ८ लागतात. जिंकलात तर एकूण ३२ उचलाल, म्हणजे चारांत एकदा जिंकलात तरी बरोबरी. हातात पंजीची जोडी आहे आणि समोरचा पाहून तीन चाली खेळला आहे. त्याच्या खुणा मोठ्या हाताच्या वाटल्या तरी चारांत एकदा तुम्ही पुढे असणं अशक्य नाही, तेव्हा शो मागा. आता मधे तेच २४ आणि शोला १६ असते, तर पाचांत दोनदा जिंकावं लागलं असतं. तिथे थरथरणारी बोटं आणि थांबलेला जबडा यांना निर्णय फिरवू द्या. खुणा कामाला येतात त्या अशा काठावरच्या डावांत. एका खुणेने तुमचा अंदाज पाच-दहा टक्क्यांहून जास्त हलवू नका.

स्वतःला झाका

तुम्हालाही कोणीतरी पाहत असतं. नाटक करू नका, ते नेहमी कमी पडतं. ठरलेली पद्धत ठेवा. पानं नेहमी एकाच हाताने, तिन्ही एकदम उचला. मनात तीन आकडे मोजा, खाली ठेवा, वर एकच बोट. चाल लावण्याआधी दर वेळी तेवढाच वेळ घ्या, पत्ते टाकायचे असले तरी. चिंचोके सारखेच सरकवा. डावात असताना खर्रा तोंडात घेऊ नका. कोणी सोयाबीनचं विचारलं तर हसून मान हलवा.

सरावासाठी एक रात्र अशी खेळा: प्रत्येक डावात पाळी तुमच्याकडे येईपर्यंत आपली पानं न पाहता मनात ठरवा, कोण पत्ते टाकणार आणि कोण राहणार. पन्नास डावांत किती बरोबर आले ते बोटांवर मोजा. चारांपैकी तीन बरोबर यायला लागले की एका माणसाचे हात वाचायला घ्या, मग त्याचा वेळ, मग बोलणं. दुसरा माणूस त्यानंतर. पाचही जणांना एकदम वाचायला गेलात तर चाल कोणाची आहे हेसुद्धा लक्षात राहत नाही.